नातेवाइकाचं नाव

माझी आई गुणाबाई दिनानाथ नाखवा. पनवेलच्या उरण नाक्यावरच्या मासळी बाजारात ती एकतीस वर्षं बसली. पहाटे करंजाच्या बंदरावर लिलाव व्हायचा, तिथून बर्फ घातलेल्या टोपल्या टेम्पोत चढायच्या, आणि आठच्या आत आई आपल्या जागेवर असायची. बाबा बोटीवर होते. मी बारावीला असताना ते छातीत कळ येऊन गेले. त्यानंतर माझं कॉलेज, माझं लग्न, सुकापूरच्या फ्लॅटमधली भांडीकुंडी, सगळं त्या एका जागेवरून आलं.

मी नवीन पनवेलमधल्या एका खाजगी हॉस्पिटलात कॅशलेसच्या काउंटरवर काम करतो. इन्शुरन्सचे कागद माझ्याकडे असतात. हॉस्पिटलचं नाव इथं सांगत नाही. त्याची गरजही नाही, कारण या सगळ्यात चुकलो तो मी.

आई काय करते हे तिथं कुणाला माहीत नव्हतं. मी सरळ खोटं कधी बोललो नाही. कुणी विचारलं की 'फिशिंग आहे आमचं, करंजाला' एवढंच म्हणायचो. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर दोन-चार बोटी यायच्या, आणि मी त्या येऊ द्यायचो. बाजार हॉस्पिटलपासून रिक्षाने दहा मिनिटांवर होता. डबा खाताना कुणी ताज्या पापलेटाचा विषय काढला की मी पाण्याची बाटली घेऊन उठायचो.

गेल्या वर्षी श्रावण संपता संपता समृद्धीने, माझ्या बायकोने, मला गॅलरीत बोलावलं. बादलीत भिजत घातलेल्या आईच्या लुगड्यावर रक्त होतं. आईला विचारलं तर आधी ती बादली उचलून आत न्यायला लागली. मग समृद्धीला बाजूला घेऊन म्हणाली की सात महिने संडासवाटे रक्त जातंय. मूळव्याध समजून ती कुणाकडून तरी पुड्या आणून खात होती. मला सांगायची तिला लाज वाटली होती.

मी तिला हरेश सरांकडे नेलं. डॉक्टर हरेश आमच्या हॉस्पिटलचे मोठे सर्जन. न्हावा-शेवाच्या एका कार्गो ऑफिसातली माझी नोकरी गेली तेव्हा कसलाही अनुभव नसताना त्यांनी मला काउंटरवर बसवलं होतं, त्याला आठ वर्षं झाली. आईला मी संध्याकाळी, गर्दी ओसरल्यावर, मागच्या जिन्याने वर नेलं. दुर्बिणीची तपासणी झाली, तुकडा काढून लॅबमध्ये गेला, सीटी स्कॅन झाला. सगळे कागद माझ्याच हातून गेले, त्यामुळे ती माझी आई आहे हे सरांशिवाय कुणाला कळलं नाही.

रिपोर्ट आले त्या दिवशी सरांनी आम्हाला समोर बसवलं.

"गाठ कॅन्सरची आहे," ते म्हणाले. "आणि अगदी खाली आहे, मागच्या तोंडापासून तीन सेंटिमीटरवर. ऑपरेशन मोठं आहे. तो भाग काढून मागचा रस्ता कायमचा शिवून टाकावा लागेल, आणि पोटाला भोक ठेवून तिथं पिशवी लावावी लागेल. शौच त्या पिशवीत होईल. कायमचं."

आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. मग तिनं विचारलं, "डॉक्टर, ती पिशवी लावून खाली बसता येतं का? मी पाटावर बसते, दिसभर."

मला वाटलं, झालं, आता ही बाजाराचं सांगत बसणार. घरून निघताना तिनं दोनदा साबण लावून अंघोळ केली होती, तरी त्या थंड केबिनमध्ये मला मासळीचा वास येत होता. तो खरंच होता की नाही, आजही सांगता येणार नाही.

"आनि आदी शेक दिला तर गाठ बारीक व्हती का?" आई पुढे म्हणाली. "आमचं येक गिऱ्हाईक हाय, तिला दिल्ता, तिच्या छातीच्या गाठीला."

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "हे बघा आई—"

"आई, सरांना माहितीये काय करायचं ते," मी मध्येच म्हणालो. घरी मी तिला आये म्हणतो. तिथं आई म्हणालो. "सर, तारीख कधीची मिळेल?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं, मग डायरीकडे. "पुढच्या गुरुवारी घेऊ," ते म्हणाले.

रविवारी जेवताना आईने विषय काढला. तिच्या ताटात भात तसाच होता.

"बाला, दुसऱ्या डॉक्टरला येकदा दाखवावं का? आमची ती गिऱ्हाईक भाभी सांगत व्हती, खारघरला मोठं कॅन्सरचं हॉस्पिटल हाय. आपले कागद बघतात आनि सांगतात."

"सरांना काय वाटेल?" मी म्हणालो.

"त्यांना कशाला काय वाटंल? मी येवडंच इचारनार, की दुसरा काय इलाज हाय का."

"आये, माझी नोकरी त्यांच्यामुळे आहे. त्यांच्याच लॅबमधून रिपोर्ट काढायचे आणि दुसऱ्याला दाखवायला न्यायचे? उद्या मी त्यांच्यासमोर कुठल्या तोंडानं उभा राहू?" माझा आवाज चढला होता. समृद्धीने डोळ्यांनी खुणावलं, पण मी थांबलो नाही. "आणि हा मासळीबाजार नाही, चार जागी भाव विचारत फिरायला."

आई ताटाकडे बघत राहिली. थोड्या वेळाने उठून तिनं हात धुतला. तोंडातून गेलेलं परत घेता आलं असतं. समृद्धी तर मला तसं म्हणालीसुद्धा, "जा, बोला त्यांच्याशी." मी टीव्ही लावला.

पुढचं मला नंतर हुस्नबानो भाभींकडून कळलं. पनवेलच्या मोहल्ल्यात राहतात, साठीच्या पुढच्या आहेत, त्यांचे मिस्टर खलीलभाई पूर्वी कुवेतला होते. पंचवीस वर्षं त्या आईकडूनच मासे घेतात. आईला जे मुलाला सांगायची लाज वाटली ते तिनं भाभींना कधीच सांगितलं होतं. सोमवारी सकाळी भाभी सुरमई घ्यायला आल्या तर आई टोपलीवर फडका टाकून नुसती बसली होती.

"काय गं गुणाबाई, पोराला विचारलंस?"

"इचारलं. त्याची नोकरी हाय तिथं. त्याला बरं नाय वाटत."

"आणि तुला काय वाटतं?"

आईने म्हणे टोपलीवरचा फडका सारखा केला. मग म्हणाली, "भाभी, मरनाचं मला काय नाय. पन अंगातला येक रस्ता बुजवून दुसरा काढनार, आनि मी येक शबुद इचारायचा नाय?"

"मग चल," भाभी म्हणाल्या. "माझ्या छातीच्या गाठीच्या वेळी दोन्हीकडे एकच सांगितलं होतं. ऑपरेशन काही टळलं नाही. पण दुसऱ्यांदा ऐकलं तेव्हा दिलाला तसल्ली झाली. शरम करायची तर चोरी करणाऱ्यानं करावी. आपण तर आपल्याच अंगाचं विचारतोय."

भाभींनी खारघरला फोन लावला. तिथून सांगितलं, पेशंटला आणा, रिपोर्ट आणा, आणि तपासलेल्या तुकड्याच्या काचा आणा. त्या काचा आमच्या लॅबमध्ये होत्या.

दुपारी साडेबाराला मी काउंटरवर होतो. माझ्या शेजारीच, काचेच्या एका पार्टिशनपलीकडे, लॅबची खिडकी. तिथं रिया बसते. तिला लागून महिनाच झाला होता. रांगेत दहा-बारा माणसं होती. मी मान वर केली तर लॅबच्या खिडकीपाशी आई उभी. बाजारातून तशीच उठून आलेली, नऊवारीचा ओचा खोचलेला, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत फाइल. बाजूला काळ्या बुरख्यात हुस्नबानो भाभी.

आईने मला पाहिलं. पाहून नजर वळवली.

"माज्या काचा द्या," ती रियाला म्हणाली.

"कसल्या काचा आजी?"

"माजा तुकडा काढलाय ना, त्याच्या. खारघरला दाखवायच्यात."

"म्हणजे स्लाइड्स. त्याला अर्ज करावा लागतो, आणि डॉक्टरांची सही लागते." रियाने फाइल उघडली. "गुणाबाई नाखवा. अय्या, आमचे प्रितेश सर पण नाखवाच आहेत. तुमचे कोणी लागतात का?"

मी कीबोर्डवर बोटं ठेवून बसलो होतो. समोर एका माणसाचं डिस्चार्जचं काम अर्धवट होतं. मला उठता आलं असतं. 'माझी आई आहे' या तीन शब्दांना कितीसा वेळ लागतो?

"नाय गो," आई म्हणाली. "आमच्या करंजाला घरोघरी नाखवाच हायेत. माजं कोन नाय हितं."

हुस्नबानो भाभींनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी लहान असताना, बाजारात आईमागे गोणपाटावर बसून अभ्यास करायचो, तेव्हापासून त्या मला ओळखतात.

"अर्ज भरता येईल का तुम्हाला?" रियाने विचारलं.

"मला सही येते. बाकी नाय येत." भाभीही चष्मा विसरून आल्या होत्या.

पार्टिशनपलीकडे लॅबचा फोन वाजला. रियाने तो उचलता उचलता अर्ज पार्टिशनच्या फटीतून माझ्याकडे सरकवला. "प्रितेश सर, प्लीज, या आजींचा एवढा अर्ज भरून द्या ना."

आई दोन पावलं सरकून माझ्या खिडकीसमोर आली. आमच्यामध्ये फक्त काच होती, तिला खाली हात जाईल एवढी फट.

मी पेन घेतलं. आणि विचारलं, "नाव?"

मी खरोखर विचारलं. रांगेतली माणसं बघत होती, रिया फोनवर होती, आणि मी माझ्या आईला तिचं नाव विचारलं.

"गुणाबाई दिनानाथ नाखवा."

"वय?"

"बासष्ट लिवा."

"पत्ता?"

सुकापूरचा पत्ता तिला तोंडपाठ आहे. ती म्हणाली, "करंजा. तालुका उरन." आमच्या फ्लॅटचा पत्ता लिहिला तर रियाच्या लक्षात येईल, हे तिच्या ध्यानात आलं होतं. माझ्या नव्हतं आलं.

"काचा कशासाठी पाहिजेत?"

"मला इचारायचंय," आई म्हणाली. "तसं लिवा साहेब."

मी 'दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेण्यासाठी' असं लिहिलं. अक्षर माझं मलाच ओळखू येत नव्हतं. पुढचा रकाना होता, सोबतच्या नातेवाइकाचं नाव आणि नातं. मी तिथं पेन टेकवलं आणि थांबलो. आईही थांबली. ती माझ्याकडे बघत नव्हती, काचेवरच्या कसल्याशा सूचनेकडे बघत होती, जी तिला वाचता येत नाही.

मागून भाभी पुढे झाल्या. "माझं नाव लिहा. हुस्नबानो खलील. नातं बहीण लिहा."

मी बहीण लिहिलं. अर्ज फटीतून बाहेर दिला. आईने एक एक अक्षर जपून सही केली आणि परत सरकवला.

"काचा कवा भेटतील?" तिनं विचारलं.

"सरांची सही झाली की. तासभर लागेल. बाहेर बसा," रिया फोन ठेवत म्हणाली आणि अर्ज घेऊन आत गेली.

मी डिस्चार्जचं काम पुढे चालू केलं. दोनदा रक्कम चुकली. तेवढ्यात केबिनचं दार उघडलं आणि हरेश सर स्वतः बाहेर आले, हातात तो अर्ज. मागे रिया.

"प्रितेश," ते काउंटरपाशी येऊन म्हणाले, "आईंना खारघरला नेतोयस? चांगलं केलंस. मेणातला तुकडा, तो ब्लॉकही बरोबर दे, नुसत्या स्लाइड्स नको. ते लोक पुन्हा तपासतात." त्यांनी तिथंच, माझ्या काउंटरवर अर्ज ठेवून सही केली. दहा सेकंद लागली असतील. मग त्यांनी रकाना वाचला. "बहीण? ही कोण? तू नाही जात बरोबर?"

रिया माझ्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. काहीतरी भलतंच पाहिल्यासारखी ती उभी होती. मग तिनं सरांच्या हातून अर्ज घेतला आणि काचा काढायला आत निघून गेली.

सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. दार लावून ते म्हणाले, "तू घाबरलास का मला?"

"सर, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून..."

"थोडं लागतं. खोटं कशाला बोलू? पण ते माझं मी बघून घेईन, त्यासाठी तू आईला थांबवायचं नाही." ते खुर्चीत बसले. "त्या दिवशी त्या शेकाचं, म्हणजे रेडिएशनचं, विचारत होत्या. गाठ इतकी खाली असली तर आधी शेक देऊन बघतात, बऱ्याच ठिकाणी. मी तेच सांगायला लागलो होतो. तू तारीख मागितलीस आणि मीही देऊन टाकली. तिथं माझंही चुकलं. गुरुवारची तारीख मी काढून टाकतो."

मी बाहेर धावलो. आई आणि भाभी गेटजवळच्या कट्ट्यावर बसल्या होत्या. भाभी बिस्किटाचा पुडा फोडत होत्या.

"आये," मी म्हणालो.

"काचा भेटतात ना?" आईने विचारलं.

"हो. सही झाली. आये, मी येतो तुझ्याबरोबर. आत्ता सुट्टी टाकतो."

तिनं मान हलवली. "तू नको. तू आलास म्हंजे तूच बोलशील." आवाजात राग नव्हता. हिशेबाने, विचार करून बोलावं तसं ती बोलली. मग गेटातून आत येणाऱ्या दोन नर्सेसकडे बघून हळूच म्हणाली, "जा तू आत. भाइर कशाला हुबा? कोन बगंल."

त्या दोघी रिक्षाने खारघरला गेल्या. मी पाच वाजेपर्यंत काउंटरवर बसलो.

संध्याकाळी समृद्धीने सगळं आईकडून ऐकलं. त्यातलं अर्ज भरल्याचं आईने सांगितलंच नव्हतं. ते मी सांगितलं. समृद्धी भाजी चिरत होती. तिनं विळी बाजूला केली आणि उठून आईजवळ जाऊन बसली. रागावली असती तर बरं झालं असतं.

खारघरला आठ दिवसांनी पुन्हा बोलावलं होतं. आदल्या दिवशी मी आईला विचारलं, येऊ का.

"येशील तर गप बसशील?"

"बसेन."

मी गप्प बसलो. तिथं एक बाई डॉक्टर होत्या, साधारण माझ्याच वयाच्या. काचा पुन्हा तपासून झाल्या होत्या, एमआरआय झाला होता, आणि चार-पाच डॉक्टरांनी एकत्र बसून आईच्या केसवर बोलणं केलं होतं. त्यांनी कागदावर आतड्याचं चित्र काढून आईपुढे ठेवलं.

"रिपोर्ट बरोबर आहे, कॅन्सरच आहे," त्या म्हणाल्या. "तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेलं ऑपरेशनही चुकीचं नाही. पण आमचं मत असं की आधी पाच आठवडे शेक आणि सोबत गोळ्या. मग दोन-अडीच महिने थांबून पुन्हा फोटो काढायचा. गाठ चांगली आकसली तर मागचा रस्ता वाचवता येईल. नाही आकसली तर तेच ऑपरेशन, तीच पिशवी. आत्ता खात्री देता येत नाही."

'चुकीचं नाही' हे ऐकताच मला हायसं वाटलं. क्षणभरच वाटलं, पण वाटलं. म्हणजे मी फार काही वाईट वागलो नव्हतो, असं मनात येऊन गेलं. शेजारी आई चित्रावर बोट ठेवून एकेक विचारत होती. शेक कुठून देतात, दुखतं का, गोळ्यांनी उलट्या होतात का, बाजाराला जाता येईल का. पंचवीस मिनिटं ती विचारत होती आणि त्या डॉक्टर सांगत होत्या. एवढे प्रश्न तिच्या पोटात होते. मला हायसं वाटल्याची तिथं इतकी लाज वाटली की मी खिडकीबाहेर बघत बसलो.

पाच आठवडे शेक झाला, सोमवार ते शुक्रवार. मी सकाळची ड्युटी बदलून घेतली. हॉस्पिटलात कारण विचारलं तेव्हा सगळ्यांसमोर सांगितलं की आईला कॅन्सर आहे, आणि ती उरण नाक्याला मासे विकते. कुणी काही म्हटलं नाही. एकाने तर विचारलं, कोळंबी असते का त्यांच्याकडे. इतकी वर्षं जे झाकलं त्यात झाकण्यासारखं काही नव्हतंच. रिया मात्र दोन आठवडे माझ्याशी कामापुरतंच बोलली. मग एकदा डब्याच्या वेळी तिनं विचारलं, "आता कशा आहेत त्या?" 'त्या' म्हणाली. 'तुमची आई' म्हणाली नाही.

शेकाने आईची कातडी भाजल्यासारखी झाली. बसता येईना. उशीवर कुशीला टेकून जेवायची. हुस्नबानो भाभी शुक्रवार सोडून रोज यायच्या, कधी शिरकुर्मा, कधी नुसतं लिंबू-सरबत घेऊन.

तीन महिन्यांनी फोटो निघाला. गाठ निम्म्यावर आली होती, पण मागच्या तोंडाच्या स्नायूला धरून होती. डॉक्टरबाईंनी स्पष्ट सांगितलं की रस्ता वाचवायला गेलं तर गाठ मागे राहण्याचा धोका आहे. पिशवी घालावीच लागेल. म्हणजे जे हरेश सर पहिल्या दिवशी म्हणाले होते तेच.

मला रडू आवरेना. आई शांत होती. तिनं विचारलं, "आता दुसरा काय इलाज नाय ना?"

"नाही मावशी. असता तर सांगितला असता."

"मग करा," ती म्हणाली. "मी इचारून घेतलंय."

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पिशवीच्या कामाची एक खास नर्स आली. रमा सिस्टर म्हणायचे तिला. भोक पोटावर कुठं ठेवायचं त्याची आधी खूण करतात, हे मला माहीत नव्हतं. तिनं आईला विचारलं, काम काय करता, कसं बसता. मग कुठून तरी एक लाकडी पाट मागवला, जमिनीवर ठेवला आणि म्हणाली, "मावशी, बाजारात बसता तशा बसा. समोर मासा आहे समजा, आणि कापा."

आई पाटावर बसली, एक गुडघा वर घेतला, पुढे वाकली. हात आपोआप कोयती धरल्यासारखे झाले. सिस्टरने तिच्या पोटाच्या वळ्या बघितल्या, उठायला लावलं, पुन्हा बसवलं, आणि वळीत दडणार नाही, लुगड्याच्या गाठीखाली येणार नाही अशा जागी जांभळ्या पेनाने फुली मारली. हरेश सरांच्या केबिनमध्ये आईने हेच विचारलं होतं, आणि मी तिला गप्प केलं होतं.

ऑपरेशनला आता सात महिने झाले. आई आठवड्यातून तीन दिवस बाजाराला बसते. लिलावाला जात नाही, माल दुसऱ्याकडून घेते. पिशवीचं सगळं समृद्धी बघते. मला तिनं कधी जवळ येऊ दिलं नाही. सिस्टर शिकवत होती तेव्हाही मी दाराबाहेर उभा होतो.

गेल्या महिन्यात समृद्धी माहेरी अलिबागला गेली होती, साखरपुड्याला. दुपारी आईने बाथरूममधून हाक मारली, "बाला, समृद्धी कवा येनार?"

"सहाला येईल. काय झालं?"

आत नळ सुरू झाला आणि बंद झाला. मग, "गलतंय हे. तूच ये."

मी आत गेलो. ती स्टुलावर भिंतीकडे तोंड करून बसली होती. पिशवीची एक कड सुटली होती आणि लुगडं भिजलं होतं. तिचे कान लाल झाले होते. मीही कुठं बघू ते मला कळत नव्हतं. ती भिंतीकडे बघतच एकेक सांगत गेली. कोमट पाणी घे. साबण नको. वरून खाली सोडव, ओढू नको. मी नवीन पिशवीचं भोक कापलं, ते मोठं झालं, मग दुसरी घेतली.

"आये," मी म्हणालो. माझ्या हातात ओला कापूस होता. "त्या दिवशी काउंटरवर... मी..."

"चामडी नीट सुकव," ती म्हणाली. "वली ऱ्हायली तर चिकटत नाय."

मी टॉवेलने हलकेच टिपलं, पिशवी लावली, तळहाताने कड दाबून धरली. सिस्टरने पाच मिनिटं दाबून धरायला सांगितलं होतं, असं आई म्हणाली. तेवढा वेळ मी तिथं गुडघ्यावर बसलो. ती घड्याळ विचारत राहिली आणि मी वेळ सांगत राहिलो. मग ती उठली, मी दिलेलं कोरडं लुगडं नेसायला लागली आणि मला म्हणाली, आता भाइर जा. मी बादलीत भिजलेलं लुगडं उचललं आणि गॅलरीत धुवायला नेलं.